चार ठोकळे

"तीन म्हटल्यावर उठायचं. दोनवर नाही," काकू म्हणाल्या.

काका दोनवरच उठायला गेले, निम्म्यात अडकले आणि सगळा भार काकूंच्या गळ्यात टाकून पुन्हा खुर्चीत आदळले. सकाळपासूनची ही चौथी खेप होती आणि अजून नऊही वाजले नव्हते. काकूंनी बाह्या मागे सारल्या, पाय रोवले, त्यांच्या काखांखाली हात घातले आणि परत एक, दोन, तीन म्हटलं. या वेळी काका उभे राहिले. एकदा उभे राहिले की त्यांचं बरं चालायचं. काठी टेकत, फरशीवर नजर ठेवून ते बाथरूमकडे निघाले आणि काकू तिथेच भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. कमरेत काहीतरी सरकलं होतं. रडावंसं वाटत होतं, पण रडायलाही अंगात थोडं त्राण लागतं आणि तेवढं काही त्यांच्यात उरलेलं नव्हतं.

काका म्हणजे त्यांचा नवरा. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची, म्हणून यांनाही काकू हे नाव चिकटलं आणि पुढे पुढे त्या स्वतःलाही मनातल्या मनात काकूच म्हणायला लागल्या. काका एका कचेरीत नकाशे काढायचे. ते पोटापुरतं. खरा जीव सुतारकामात. घराला लागून एक गॅरेज होतं, त्यात गाडी कधीच आली नाही. तिथे आलं एक लांबलचक टेबल, लाकूड आवळून धरायचे शिकंजे, करवती, रंधे, पटाश्या आणि भिंतीभर फळ्यांचे तुकडे, जे काकांच्या मते सगळेच्या सगळे कधी ना कधी उपयोगी पडणार होते. काकू त्या खोलीला कारखाना म्हणायच्या, आणि त्या कोणत्या सुरात म्हणायच्या ते काकांना चांगलं कळायचं.

पण काकांचं नाव झालं ते त्यांनी बनवलेल्या वस्तूंमुळे नाही, त्यांच्या युक्त्यांमुळे. लहान खिळा ठोकताना बोट चेचतंय, तर जुन्या कंगव्याच्या दातांत खिळा धरा. स्क्रू आत जायला कुरकुरतोय, तर त्याला आधी साबणाच्या वडीवर फिरवा. ड्रॉवर अडतोय तर कडेला मेणबत्ती घासा. बिजागरीचं भोक सैल झालं तर आगपेटीच्या दोन काड्या सरस लावून भोकात दडपा आणि मग स्क्रू पिळा. लाकडाला पोचा पडला असेल तर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री फिरवा, दबलेलं लाकूड फुगून वर येतं. खिळ्याने फळी चिरतेय, तर ठोकण्याआधी खिळ्याच्या टोकावर हातोडीचा एक ठोका द्या, बोथट खिळा लाकूड फाडत नाही. घरी हौसेने रंधा मारणारे लोक रविवारी सकाळी दारात उभे असायचे. जे येऊ शकत नसत ते फोन करायचे, आणि काका एका कानाला रिसिव्हर लावून काटकोन बघायचा गुण्या हवेत धरल्यासारखा हात धरून समजावत बसायचे. ताटातलं जेवण गार व्हायचं. काकू वैतागायच्या. थोडा अभिमानही वाटायचा, पण तो त्यांनी कधी तोंडाने कबूल केला नाही.

त्या खोलीत काकूंना मात्र प्रवेश नव्हता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी एका डब्याचं घट्ट बसलेलं झाकण काकांच्या पटाशीने उचकटलं होतं. पटाशीच्या धारेला खांडा पडला. काका ओरडले नाहीत. त्यांनी ती पटाशी दिवसभर दगडावर घासली आणि संध्याकाळी एवढंच म्हणाले, "यांना हात लावू नकोस." पुढे चाळीस वर्षं काकूंनी एका शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, मुलीला वाढवलं, सासूचं दुखणं काढलं, पण त्या हत्यारांना हात लावला नाही.

तीन वर्षांपूर्वी काकांच्या उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला. मग मनगट, मग दुसरा हात. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. काकांनी काही महिने जिद्दीने रेघा ओढल्या, त्या वाकड्या येतात हे पाहिलं, आणि एके दिवशी गॅरेजला कुलूप लावून किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवून टाकली. तेव्हापासून त्यांचं बोलणंच कमी झालं. युक्ती विचारणारे फोन यायचे ते काकू घ्यायच्या आणि झोपलेत म्हणून सांगायच्या. मग फोनही थांबले.

आता सगळं घोडं त्या खुर्चीपाशी अडलं होतं. खुर्ची काकांनीच बनवलेली, रुंद हातांची, पाठ टेकून वाचत बसायला म्हणून मुद्दाम बुटकी ठेवलेली. आठवड्यातून दोनदा व्यायाम करून घ्यायला येणारी फिजिओथेरपीची मुलगी म्हणाली होती, "काकू, पायांत ताकद आहे त्यांच्या. खुर्ची फार खाली आहे. चार इंच उंच झाली तर ते आपले आपण उठतील." लेकीने लगोलग हॉस्पिटलात असते तशी पायपांची उंच खुर्ची पाठवून दिली. काकांनी तिच्या जोडावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेला रंग पाहिला, आणि तिच्यावर ते एकदाही बसले नाहीत. ती आता गॅलरीत होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत होते. खुर्चीच्या पायांखाली ठेवायचे प्लॅस्टिकचे ठोकळे दुकानात मिळतात असं त्या मुलीने सुचवलं, तेव्हा काका तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्या खुर्चीखाली प्लॅस्टिक, एवढं एकच वाक्य ते दुपारी जेवताना बोलले.

मग आली लेक. ती दुसऱ्या शहरात नोकरी करायची, जमेल त्या रविवारी यायची. या खेपेला तिने आईला वाकून चालताना पाहिलं आणि तिला थेट डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कंबर तपासली आणि उचलणं आजपासून बंद म्हणून सांगितलं, नाहीतर एका घरात दोन खाटा होतील. लेकीने वाद घातला नाही. तिने चौकशी करून ठेवलीच होती. आजाऱ्यांना ठेवून घेणारी एक संस्था होती, स्वच्छ, खिडकीसमोर झाड असलेली, दिवसरात्र माणसं असलेली. पुढच्या महिन्यापासून एक खोली रिकामी होणार होती. पुढच्या रविवारी फॉर्म घेऊन येते, बाबांशी मीच बोलते, असं ती म्हणाली. जाताना आईच्या गळ्यात पडून तिने डोळे पुसले.

काकू बघू म्हणाल्या. त्यांना लेकीचा राग आला नव्हता. आला तो स्वतःचा. कारण लेक बोलत असताना क्षणभर, एकच क्षण, त्यांना फार बरं वाटलं होतं. सलग झोप. अंथरुणाला पाठ लावून पडणं. कुणी हाक न मारणं. त्या क्षणाची त्यांना इतकी शरम वाटली की त्या दिवशी त्यांनी काकांना उठवताना एकदाही हुश्श केलं नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी काकांसमोर चहा ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, मागच्या खोलीतल्या कपाटाला ओल लागतेय. खाली काहीतरी ठेवायला हवं."

विटा ठेव, काका म्हणाले. विटा ओल धरतात, काकू म्हणाल्या. लाकूडही धरतं, काका म्हणाले. मग लाकडाला काय लावायचं ते सांगा, असं काकूंनी विचारलं. काकांनी कप खाली ठेवला, तो बशीवर थोडा वाजला.

"तळाला मेण. गरम करून," ते म्हणाले. "किती उंच हवेत?"

"चार इंच. चार ठोकळे."

"कापणार कोण?"

"मी."

काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्या विमान चालवायला निघाल्या आहेत. पण नाही म्हणाले नाहीत. काकूंनी खिळ्यावरची किल्ली काढली.

गॅरेजमध्ये तीन वर्षांची धूळ बसली होती. काकूंनी टेबल पुसलं, खिडकी उघडली आणि काकांना तिथल्या उंच स्टुलावर टेकवलं. काकांनी कोपऱ्यातला एक तुकडा दाखवला. कुठल्याशा पाडलेल्या घराच्या दाराची चौकट होती, दणकट, चारी बाजूंनी सरळ. कधी ना कधी उपयोगी पडणाऱ्यांपैकी ती एक निघाली, आणि काकूंनी त्यावर टोमणा मारायचं महत्प्रयासाने टाळलं. मग धडे सुरू झाले. गुण्या लाकडाच्या कडेला चिकटवून धर, डोळ्याने नाही, बोटाने बघ चिकटला का. रेघ एका बाजूला मारून थांबू नकोस, चारी बाजूंनी फिरव, सुरुवातीला येऊन मिळाली पाहिजे. जिथे कापायचं तिथे चिकटपट्टी लाव आणि पट्टीवरून काप, म्हणजे लाकडाचे ढलपे निघत नाहीत. करवत धरताना पहिलं बोट पात्याच्या दिशेने सरळ ठेव.

काकू करवत जिवाच्या आकांताने रेटत होत्या. ती दर चार झटक्यांनी अडकत होती. काका बघत राहिले, मग स्टुलावरून उठले, टेबलाला धरून दोन पावलं पुढे आले आणि म्हणाले, "ढकलू नकोस. नुसती धर. तिचं वजन कापतं, तू नाही."

काकूंचा हात थांबला तो करवतीसाठी नाही. ते उठले होते. कुणीही हात न देता, एक दोन तीन न म्हणता, उंच स्टुलावरून ते आपले आपण उठले होते, आणि त्यांना स्वतःला ते कळलंही नव्हतं. फिजिओथेरपीची मुलगी बरोबर सांगत होती. काकूंनी मान खाली घातली आणि त्या करवत नुसती धरायचा प्रयत्न करायला लागल्या. पहिला ठोकळा कापून खाली पडला तेव्हा त्यांचा खांदा बधिर झाला होता. काकांनी त्याच्यावर गुण्या लावून पाहिला, उजेडात धरला, आणि ठीक आहे म्हणाले. कचेरीतून दमून आल्यावर, जेवण चांगलं झालंय असं ज्या आवाजात ते सांगायचे, त्याच आवाजात.

मंगळवारी उरलेले तीन कापायचे होते. त्या दिवशी औषधाने काकांना सुस्ती आली होती. ते स्टुलावर भिंतीला डोकं टेकून पेंगत होते. काकूंनी त्यांना उठवलं नाही. आता त्यांना येत होतं. मोजपट्टी घेऊन पुन्हा मापं कशाला काढायची, हा कापलेला ठोकळा आहेच की समोर, असा त्यांनी विचार केला, तो लाकडावर ठेवला आणि त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली. दुसरा कापला. मग त्यावरून तिसरा. तिसरा हातात होताच, त्यावरून चौथा. हाताला फोड आला, फोड फुटला, पण काकूंच्या मनात कधी नव्हे तो एक आनंद भरून राहिला होता. सुताराची पेन्सिल जाड असते आणि प्रत्येक वेळी आपण रेघेच्या पलीकडून कापतो आहोत, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बुधवारी खुर्चीचा पाय घसरू नये म्हणून प्रत्येक ठोकळ्याला वरून चहूबाजूंनी प्लायवूडच्या पट्ट्या ठोकायच्या होत्या. कपाट कशाला घसरेल, असं काका म्हणाले. काकू फरशी गुळगुळीत आहे म्हणाल्या. खिळे त्यांनी कंगव्यात धरून ठोकले. त्यातले दोन वाकले. काकांनी वाकलेला खिळा उपटताना हातोडीखाली लाकडाचा तुकडा ठेवायला सांगितलं, म्हणजे ठोकळ्यावर वळ उठत नाही. त्या दिवशी ते इतकं बोलले, की त्यांचा आवाज संध्याकाळी बसला.

गुरुवारी दुपारी काका आत पलंगावर झोपले असताना काकूंनी खुर्ची एकेका बाजूने उचलून चारही ठोकळे पायांखाली सरकवले. कमरेतून कळ आली, पण झालं. खुर्ची उंच दिसत होती, थोडी अनोळखी. काकूंनी हात पुसले आणि बसून पाहिलं.

खुर्ची डुगडुगली.

त्यांनी ठोकळे अदलून बदलून पाहिले. डुगडुगणं कमी झालं, गेलं नाही. कागदाची घडी करून एकाखाली सारली, ती लगेच दबली. त्या गुडघ्यावर बसून तिसरी घडी सारत होत्या, तेवढ्यात काठी वाजली. पलंग उंच होता, कडेला धरून तिथून काकांना कसंबसं उठता यायचं. ते दारात उभे होते आणि खुर्चीकडे बघत होते.

 कपाट कुठे आहे, असं त्यांनी विचारलं.

"मला फसवून माझ्याकडूनच करून घेतलंस," काका म्हणाले. त्यांची हनुवटी हलत होती, ती रागाने की आजाराने ते कळत नव्हतं. "पांगळ्याची खुर्ची."

इतके महिने काकूंनी सगळं गिळलं होतं. आता त्यांना उठायचंही बळ नव्हतं, त्यामुळे जमिनीवर बसल्या बसल्याच त्या बोलल्या. लेक रविवारी फॉर्म आणणार आहे, खोली बघून ठेवली आहे, आणि त्या खोलीत काका गेले तर काकूंना आठ तास झोप मिळेल, हे त्यांनी सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही. "मला तुम्हाला पाठवायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण मी थकले हो. माझ्याच्याने आता उचलवत नाही. तुम्ही आपले आपण उठलात तर घरात राहाल, नाहीतर नाही. एवढंच आहे."

काका पलंगाकडे वळले नाहीत. काठी टेकत खुर्चीपाशी आले आणि तिच्या हातावर बोटांनी दाबून पाहिलं. खुर्ची एका कोपऱ्यावर झुकली, परत आली. त्यांनी पुन्हा दाबलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली, आणि ही आठी काकूंना ओळखीची होती. पांगळ्याची खुर्ची असेल नसेल, पण डुगडुगणारी वस्तू काकांना आयुष्यात कधी सहन झाली नव्हती.

"दुसरा ठोकळा कशावरून आखलास?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यावरून."

"आणि तिसरा?"

"दुसऱ्यावरून."

"आणि चौथा तिसऱ्यावरून," काका म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. "दर वेळी पेन्सिलच्या रेघेएवढा वाढतो. पहिल्यावर खूण करून ठेवायची, आणि सगळे त्याच एकावरून आखायचे. हे मी तुला सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"कधीच?"

"मला तुम्ही एकच गोष्ट सांगितलीत. हात लावू नकोस."

काकूंनी हे टोचायला म्हटलं नव्हतं. खरं होतं म्हणून म्हटलं. काका खुर्चीचा हात धरून उभे राहिले. गल्लीतल्या प्रत्येक हौशी माणसाला त्यांनी ही युक्ती दिली होती, फोनवरून अनोळखी लोकांना दिली होती, एकदा दाढी करणाऱ्यालाही दिली होती, त्याला त्याचा काडीचाही उपयोग नसताना. घरात चाळीस वर्षं त्यांच्यासमोर ताट ठेवणाऱ्या माणसाला दिली नव्हती. ते फक्त म्हणाले, "ते बाहेर काढ. चारही."

काकूंना वाटलं, संपलं. त्यांनी ठोकळे काढले आणि गॅरेजमध्ये नेऊन टेबलावर ठेवले, आणि त्या दिवशी परत पूर्वीसारखंच, काखांखाली हात घालून, काकांना सहा वेळा उठवलं.

शुक्रवारी सकाळी चहा झाल्यावर काकांनी स्वतःहून गॅरेजचा विषय काढला. जुन्या खिडकीची जाड काच तिथे कुठेतरी होती. ती त्यांनी टेबलावर आडवी ठेवायला लावली आणि तिच्यावर खरखरीत पॉलिशपेपर सरसाने चिकटवायला सांगितला, सुरकुती न पडू देता, मधून कडेकडे हात फिरवत. काच सपाट असते, तिच्यावर घासलं की लाकूडही सपाट होतं. पहिल्या ठोकळ्यावर त्यांनी काकूंना पेन्सिलने फुली मारायला लावली. मग तो बाकीच्या तिघांशेजारी उभा करून प्रत्येकावर किती काढायचं त्याची रेघ चहूकडून ओढायला लावली. चौथ्याची रेघ तळापासून आगपेटीच्या काडीच्या जाडीएवढी वर आली. काकूंनी चौथा उचलला आणि घासायला वाकल्या.

"तू नको," काका म्हणाले. "इकडे दे."

"तुम्हाला कसं जमेल?"

"हात नाहीतरी दिवसभर फुकट हलतोच आहे. कामाला लावू."

काकूंना हसू आलं. काका स्टुलावर टेबलाला पोट लावून बसले. त्यांनी ठोकळा दोन्ही हातांनी धरला, खाली दाबला आणि पुढे मागे न्यायला लागले. हात थरथरत होते, पण काचेवर दाबलेल्या ठोकळ्याला कुठे भरकटायला जागा नव्हती. थोडा भुसा पडला. ते थांबले, ठोकळा उलटा करून तळ पाहिला, दिशा बदलून पुन्हा घासायला लागले. एकाच बाजूने घासलं तर उतार येतो, हे त्यांनी काकूंकडे न बघता सांगितलं. हे मला सांगताय का, असं काकूंनी विचारलं. मग इथे दुसरं कोण आहे, काका म्हणाले.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. दहा मिनिटं घासायचं, अर्धा तास थांबायचं. मध्येच काकांची बोटं आखडायची, मग काकू ती एकेक करून सोडवायच्या आणि गरम पाण्यात धरायच्या. पॉलिशपेपर दोनदा बदलावा लागला. काकूंनी म्हटलं, अर्धं मी करते, तर ते नाही म्हणाले. शनिवारी उन्हं उतरता उतरता चौथ्या ठोकळ्यावरची रेघ पुसली गेली. काकूंनी तळाला मेण लावलं. काकांनी चारही ठोकळे काचेवर शेजारी शेजारी ठेवले आणि वरून पोलादी पट्टी आडवी धरली. पट्टीखालून उजेड येत नव्हता. त्यांनी पट्टी काकूंच्या हातात दिली आणि स्वतः बघ म्हणाले.

रविवारी अकराच्या सुमारास लेक आली. येताना तिने फळं आणली होती आणि पिशवीत एक निळी फाइल. बाबांची खुर्ची उंच झाल्याचं तिच्या लक्षात आलं नाही, कारण तिला बाबांकडे नीट बघवतच नव्हतं. ती समोर बसली आणि फाइलच्या कडेवर बोट फिरवत बोलायला लागली. खोली मोठी आहे. खिडकी आहे. मी दर रविवारी येईन. आईलाही रोज भेटायला येता येईल. तिने ते सगळं पाठ केलं होतं, आणि पाठ केलेलं बोलतानाही तिचा आवाज दोनदा चिरकला. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"सही कुठे करायची?" काकांनी विचारलं.

लेकीने फॉर्म काढून एका रेघेवर बोट ठेवलं. आणि पेन शोधायला पिशवीत हात घातला.

"थांब. माझं पेन आहे आत," काका म्हणाले. "आणतो."

त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि अंग पुढे झोकलं. उठले नाहीत. मागे बसले. लेक धावायला निघाली, तर काकूंनी पुढे होऊन तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की ती आईकडे बघतच राहिली. काकांनी पाय थोडे मागे घेतले, पुन्हा पुढे झुकले, आणि सावकाश, गुडघे सरळ करत, उभे राहिले. खुर्ची जागची हलली नाही. ते काठी घेऊन आतल्या खोलीत गेले. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग काठी परत यायला लागली. लेक तोंडावर हात घेऊन बसली होती. तिची नजर आता खुर्चीच्या पायांकडे गेली होती.

काकांनी पेन टेबलावर ठेवलं आणि पुन्हा बसले. बसायलाही त्यांना वेळ लागला.

"कोणी केले हे?" लेकीने विचारलं.

"तुझ्या आईने," काका म्हणाले. "एक चूक केली तिने. ती माझी होती."

लेकीने फॉर्मची घडी घातली आणि तो फाडायला घेतला. काकांनी हात पुढे करून तिला थांबवलं. "फाडू नकोस. फाइलमध्ये ठेव. मी काही बरा होणार नाही. सहा महिन्यांनी लागेल, वर्षाने लागेल. तेव्हा मीच मागेन तुझ्याकडे. आत्ता नको."

लेक संध्याकाळच्या गाडीने गेली. जाताना ती खाली बसून एका ठोकळ्यावरून हात फिरवत राहिली.

ती गेल्यावर काकू आतल्या खोलीत पलंगावर आडव्या झाल्या. भांडी तशीच होती. पाठीखाली उशी घेतली तेव्हा कुठे कंबर थोडी सैल झाली. डोळे मिटतात न मिटतात तोच बाहेरच्या खोलीतून खुर्चीचं लाकूड करकरलं. काका उठत होते. काकूंचे पाय आपोआप पलंगाखाली गेले, चप्पल शोधायला. मग त्या थांबल्या. लाकूड पुन्हा करकरलं, एक जड श्वास ऐकू आला, आणि परत बसल्याचा आवाज. काकूंनी पाय वर घेतले आणि चादर हनुवटीपर्यंत ओढली. त्या श्वास रोखून पडून राहिल्या. उठून जावं असं त्यांना इतकं वाटत होतं, की त्यांनी चादरीची कड मुठीत धरून ठेवली.

तिसऱ्या वेळी खुर्ची करकरली, आणि मग काठी फरशीवर वाजली. एकेक, सावकाश, बाथरूमच्या दिशेने. नळ सुटला. कित्येक महिन्यांनी या घरात त्यांच्यावाचून काहीतरी पार पडलं होतं. काकूंना हायसं वाटलं, आणि त्या पाठोपाठ फार एकटं वाटलं. नळाचा आवाज थांबेपर्यंत त्या ऐकत राहिल्या. मग काठी परत येताना ऐकायला त्या जाग्या नव्हत्या.